गाऊ, ताईत आणि करडिगे: अंगावर वागवायचा देव

मराठी घरात देवाच्या दोन वस्तू असतात आणि त्यांची कामं एकमेकांत मिसळत नाहीत. देव्हाऱ्यातला देव दिसतो, त्याला रोज पाणी-फूल-नैवेद्य मिळतो, पण तो उठून कुठे जात नाही. ताईत माणसाबरोबर हिंडतो, पण आत काय आहे ते दिसत नाही, त्याला रोजची पूजा नसते आणि तो उघडायचाही नसतो. तिबेटी लोकांचा गाऊ ही दोन्ही कामं एकाच डबीत बसवतो. पुढे लहानशी खिडकी आणि तिच्यातून दर्शन देणारी मूर्ती. मूर्तीच्या मागे घड्या घालून, दोऱ्यांनी बांधून, कायमची बंद केलेली यंत्रं आणि मंत्र. वाटेवर असताना गाऊ अंगावर आणि मुक्कामाला पोचलं की मांडणीवर, दिव्यासमोर.

गाऊची घडण, भरणी, प्रतिष्ठा, हाताळणी यांतला जवळजवळ प्रत्येक नियम या दुहेरी कामातून आला आहे. लेह, मॅक्लिओडगंज किंवा काठमांडूच्या बौद्धनाथहून हौसेने गाऊ आणणारे पुष्कळ आहेत. पण तो नुसता दागिना समजून वापरला, की कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पहिल्याच पावसाळ्यात आतली माती आणि कागद हातचे जातात.

डबी

पुरुष प्रवासात अंगावर तिरका अडकवत तो गाऊ तळहाताएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, वरच्या बाजूला महिरपीसारखा निमुळता आणि दोन-तीन बोटं खोल असतो. खोली लागतेच, कारण आत मूर्ती उभी राहायची असते. डबीचे दोन भाग. दर्शनी भाग बहुधा चांदीचा आणि मागचं झाकण तांब्याचं किंवा पितळेचं, कारण ती बाजू अंगाला टेकते, कुणाला दिसत नाही. दोन्ही भागांच्या कडांना नळीसारख्या कड्या असतात. पट्टा त्या कड्यांतून ओवून ओढला की दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट बसतात. म्हणजे पट्टा काढल्याशिवाय डबी उघडत नाही.

विकत घेताना आधी या कड्याच बघाव्यात. खरोखर वापरलेल्या गाऊच्या कड्या पट्टा जिथे घासतो नेमक्या तिथेच झिजलेल्या असतात. नक्षीचे उंच भाग बोटांनी आणि कापडाने गुळगुळीत झालेले असतात आणि काळपटपणा खोबणीत साचलेला असतो. रसायनात बुडवून ‘जुना’ केलेला माल सगळीकडे सारखाच काळा दिसतो. ‘९२५’ असा आजकालचा शुद्धतेचा शिक्का मारलेला गाऊ शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून कुणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिबेटात चांदीची खाण म्हणजे बव्हंशी नाणीच. ब्रिटिश हिंदुस्थानातले रुपये वितळवून पुष्कळ काम झालं, आणि त्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के असे. ‘तिबेटी चांदी’ या नावाने आज जे स्वस्तात विकलं जातं त्यात चांदी बहुधा नसते. तांब्यात निकेल, जस्त किंवा कथील मिसळलेला तो पांढरा मिश्रधातू असतो.

स्त्रियांचा गाऊ वेगळा. ल्हासाकडच्या बायका गळ्यात घालत तो एकमेकांवर तिरके ठेवलेल्या दोन चौकोनांचा, म्हणजे आठ टोकांचा, वर फिरोजांचं दाट कोंदण. त्याला बहुधा खिडकी नसते, आत यंत्रंच असतात. १९५९ पूर्वीच्या तिबेट सरकारातले वरच्या दर्जाचे अधिकारी डोक्यावरच्या बुचड्यात चिमुकला गाऊ खोवत. ती हुद्द्याचीही खूण होती.

मोठ्या गाऊच्या खिडकीभोवतीची नक्षी ठरलेली असते. वर कीर्तिमुख. हे आपल्याला शिवमंदिराच्या उंबरठ्यावर आणि देवाच्या प्रभावळीवर दिसतं, तेच. खिडकीच्या दोन्ही अंगांना अष्टमंगल, तिबेटीत ताशी ताग्ये: छत्र, दोन मासे, कलश, कमळ, शंख, आदि-अंत नसलेली गाठ, विजयध्वज आणि चक्र.

खिडकी नसलेल्या गाऊवर मधोमध एक उभं, गुंतागुंतीचं चिन्ह असतं. ते तिबेटी बौद्धांच्या कालचक्र तंत्रपरंपरेतलं नामचू वांगदेन, म्हणजे दहा शक्तींनी युक्त असं बीजाक्षर. ते चित्र नाही, लेखन आहे. नेपाळी रंजना लिपीतून निघालेल्या लांत्सा लिपीतली सात अक्षरं, ह, क्ष, म, ल, व, र, य, एकाखाली एक जोडलेली, आणि वर चंद्रकोर, सूर्यबिंदू आणि ज्योतीची शिखा. सात आणि तीन मिळून दहा. रंजना ही देवनागरीची नातेवाईक असल्यामुळे मराठी वाचकाला थोड्या सरावाने निदान दोन-तीन अक्षरं ओळखता येतात, आणि तेवढं पुरतं. कारण स्वस्त ओतीव मालात हमखास चुकतं ते इथेच. साचा उलटा घेतल्यामुळे अक्षरं आरशातल्यासारखी उमटतात किंवा अक्षरांमधल्या फटी धातूने भरून सगळा एक गोळा होतो. कारागिराला अक्षर येत होतं की नाही, ते इथे कळतं.

चांगलं काम ओतीव नसतं, ते पत्र्यावर ठोकून उठवलेलं असतं. या कामात नेपाळच्या पाटणमधल्या नेवार कारागिरांचा पूर्वीपासून हातखंडा. ल्हासातही त्यांची वस्ती होती. चांदीचा पत्रा लालसर होईपर्यंत तापवून मऊ करायचा, राळ, विटेची भुकटी आणि तेल यांच्या थरावर चिकटवायचा, आणि मागच्या बाजूने बोथट ठशांनी नक्षी फुगवायची. मग राळ तापवून पत्रा सोडवायचा, उलटा करून पुन्हा चिकटवायचा आणि पुढून बारीक छिन्नीने डोळे, पाकळ्या, खवले काढायचे. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून मध्ये मध्ये पुन्हा तापवावं लागतं. आळस केला तर पत्रा जिथे सर्वांत जास्त ताणलेला, म्हणजे कीर्तिमुखाच्या नाकाशी आणि गालांशी, तिथे फाटतो. रिकामा गाऊ उघडून आतून पाहिला तर ठोकीव कामात प्रत्येक उंचवट्यामागे खळगा आणि हत्याराच्या खुणा दिसतात. ओतीव कामात मागची बाजू जाड आणि बारीक छिद्रांची असते.

आत काय भरतात

खिडकीत दिसते ती मूर्ती धातूची असते, कापडावर रंगवलेलं किंवा छापलेलं लहान चित्र असतं, किंवा त्सा-त्सा असते. गुरू पद्मसंभव, तारा, अवलोकितेश्वर, मंजुश्री, अमितायुस हे नेहमीचे. कोणाची मूर्ती घ्यायची ते आवडीवर नसतं. ज्या देवतेची दीक्षा घेतली असेल किंवा लामाने जी नेमून दिली असेल ती.

त्सा-त्सा म्हणजे साच्यातून काढलेली मातीची लहान मूर्ती किंवा स्तूप. चाळून घेतलेली बारीक माती घट्ट मळायची, पितळेच्या साच्याला तेलाचा हात फिरवायचा आणि माती एका दमात दाबायची. दोनदा दाबली तर ठसा दुहेरी उमटतो. माती सैल असेल तर ती साच्यातच राहते, ओढली तर चेहरा जातो. मागच्या बाजूला ओली असतानाच जवाचा दाणा किंवा मंत्राची बारीकशी गुंडाळी रोवतात. थोर लामाच्या दहनानंतरची राख मातीत मिसळलेली असेल तर त्या त्सा-त्साचं मोल फार. मूर्ती सावलीत वाळवतात, कारण उन्हात वरचा थर आधी आकसून तडे जातात. बहुतेक त्सा-त्सा भट्टीत भाजलेल्या नसतात, हे आपल्याकडच्यांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं. तिबेट-लडाखच्या कोरड्या हवेत त्या पिढ्यान् पिढ्या टिकतात. दमट हवेत त्यांची पुन्हा मातीच व्हायला लागते.

मूर्तीच्या मागे सुंगखोर, म्हणजे रक्षाचक्र. लाकडी ठशावरून कागदावर छापलेलं वर्तुळाकार यंत्र: मध्ये बीजाक्षर, भोवती पाकळ्यांत मंत्र, काठावर काय काय टळावं त्याची प्रार्थना. आजारासाठी वेगळं, वाटेतल्या चोरांसाठी वेगळं, बाळंतिणीसाठी वेगळं, शस्त्रासाठी वेगळं. तिबेटी कागद विषारी झुडपांच्या मुळांच्या किंवा सालीच्या धाग्यापासून करतात, म्हणून त्याला कसर लागत नाही. आज फोटोकॉपीच्या कागदावर छापलेली चक्रं मिळतात. ती घड्यांवर लवकर फाटतात, त्यांना कसरही लागते. छापल्यावर केशराच्या पाण्याचा हात देतात, अक्षरांची बाजू आत ठेवून घड्या घालतात आणि पांढरा, पिवळा, तांबडा, हिरवा, निळा अशा पाच रंगांच्या दोऱ्यांनी आडवं-उभं बांधतात. पाच रंग पाच बुद्धांचे. एकदा बांधलं की उघडायचं नाही.

याखेरीज लामाने मंत्र म्हणत गाठ मारलेला दोरा (सुंगदू), औषधी आणि पवित्र द्रव्यांच्या बारीक गोळ्या (रिलबू), लामाच्या वस्त्राचा तुकडा किंवा केस, अभिमंत्रित जव किंवा तांदूळ. ञिङ्मा या तिबेटी बौद्ध परंपरेत ताकद्रोल नावाचं यंत्रही असतं. ‘अंगावर घातल्याने मुक्ती’ देणारं ते, म्हणून ते देहाबरोबर चितेवरही जातं.

भरण्याची रीत मूर्तीच्या पोटात मंत्र भरतात तीच. मंत्रपट्ट्या घट्ट गुंडाळायच्या आणि प्रत्येक गुंडाळीच्या वरच्या टोकाला खूण करायची, कारण आत ती उभीच राहिली पाहिजे. मंत्र डोक्यावर उभा राहणं हा मोठा दोष. नाजूक वस्तू पिवळ्या रेशमात गुंडाळायच्या. उरलेल्या फटी जुनिपरच्या किंवा चंदनाच्या भुकटीने भरायच्या. आत पोकळी राहू नये असा नियम आहे. घोड्यावर दिवसभर हिंदकळणाऱ्या डबीत सैल ठेवलेली मातीची मूर्ती संध्याकाळी चुरा होऊन निघाली असती, हे पाहिलं की या नियमाचा व्यवहारही उमगतो. गाऊ कानाशी हलवून पाहावा. खुळखुळ आवाज आला तर भरणी सैल आहे किंवा आतलं काही फुटलं आहे.

भरून झालं तरी गाऊ अजून डबीच. लामाकडून रब्ने झाल्यावर त्यात देवता आली असं मानतात. ही आपली प्राणप्रतिष्ठाच. लामा ध्यानात त्या देवतेचं ज्ञानरूप आवाहन करून मूर्तीत विलीन करतो, धान्य उधळतो. स्नान मात्र मूर्तीला घालत नाहीत. मूर्तीसमोर आरसा धरून त्यातल्या प्रतिबिंबावर पाणी ओततात. माती, कागद आणि रंग यांना अभिषेक सोसणार नाही, म्हणून ही युक्ती. पुरीच्या जगन्नाथालाही रोज सकाळी असंच आरशातल्या प्रतिबिंबाला स्नान घालतात, कारण तो देव रंगवलेल्या लाकडाचा. दोन्ही परंपरांना अडचण एकच आली आणि तोडगाही एकच सापडला.

मुळं एकाच मातीतली

अंगावर मणी किंवा वनस्पती बांधून रक्षण मागणं अथर्ववेदात भरपूर आहे. तिथे ताइताला मणीच म्हणतात, आणि शंखाच्या मण्यासाठी, जंगिड नावाच्या वनस्पतीसाठी स्वतंत्र सूक्तं आहेत. नंतर बौद्ध परंपरेत धारणी, म्हणजे रक्षामंत्र, लिहून अंगावर बांधायला लागले. महाप्रतिसरा ही त्यातली प्रमुख देवी, पंचरक्षा म्हणून पूजल्या जाणाऱ्या पाच देवींमधली एक. तिची धारणी केवढा प्रवास करून गेली याचा पुरावा १९४४ साली चीनमधल्या चेंगडू इथे मिळाला. तांग राजघराण्याच्या काळातल्या एका थडग्यात मृताच्या दंडावर चांदीचं कडं होतं आणि कड्याच्या पोकळीत गुंडाळलेला कागद होता. त्यावर महाप्रतिसरेचं चित्र आणि भोवती संस्कृत धारणी, लाकडी ठशाने छापलेली. तिबेटी गाऊतलं सुंगखोर याच घराण्यातलं.

दुसरा दुवा आकड्यांचा. आपल्याकडचं पंधरिया यंत्र अनेकांनी पाहिलेलं असतं: नऊ घरं, १ ते ९ आकडे, कुठूनही बेरीज १५. वरची ओळ ८, १, ६, मधली ३, ५, ७, खालची ४, ९, २. तिबेटी ज्योतिषात हेच नऊ आकडे ‘मेवा’ या तिबेटी नावाने येतात आणि सिपाहो नावाच्या रक्षाचित्रात कासवाच्या पोटावर बसतात. ते चित्र दारावर लावतात, घडी करून गाऊतही ठेवतात. तिबेटात ही मांडणी चीनकडून आली. भारतात तीन-तीन घरांचं असं यंत्र इ. स. ९०० च्या सुमारास वृंदाच्या ‘सिद्धयोग’ या वैद्यकग्रंथात आहे. तिथे बेरीज ३० येते, आणि सुखप्रसूतीसाठी ते अडलेल्या बाईला दाखवायला सांगितलं आहे. घरी लिहायचं झालं तर आकडे ओळीने भरत नाहीत. १ च्या घरात १, मग २ च्या घरात २, असं चढत्या क्रमाने भरतात. बाजारात छापील पत्रे मिळतात त्यांची बेरीज आठही बाजूंनी करून बघावी. ठसा उलटा असला तरी बेरीज जुळते, पण एक आकडा चुकला की लगेच कळतं.

आपला ताईत

ताईताचं सगळं रहस्य कोरडेपणात आहे. भूर्जपत्र हिमालयातल्या भोजवृक्षाची साल. ती कागदासारखी पातळ थरांत सुटते आणि सुकली की गुंडाळताना तडकते. म्हणून लिहिण्याआधी ओलसर फडक्यात थोडा वेळ ठेवून मऊ करतात आणि गुळगुळीत बाजूवर लिहितात. लेखणी डाळिंबाच्या काडीची. शाई अष्टगंधाची, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवलेली. पातळ झाली तर फुटते. जाड झाली तर गुंडाळताना पापुद्रे होऊन गळते आणि नळीत नुसती भुकटी उरते. थेंबभर डिंकाचं पाणी घातलं की ती धरून राहते. अक्षरं पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळायचं नाही. लिखाण आतल्या बाजूला ठेवून गुंडाळी नळीत सरकवायची, तोंडाशी कापसाचा बोळा बसवायचा आणि मगच लाख किंवा मेण ओतायचं. बोळा विसरला तर गरम लाखेने पत्राचं टोक करपतं.

बहुतेक ताईत निकामी होतात ते आंघोळीने. टोपणाच्या फटीतून पाणी शिरतं आणि बाहेर निघत नाही. तांब्याची नळी असेल तर घामाने हिरवा गंज धरते, अंगावर डाग पडतो. तो अपशकुन नव्हे, तांब्याचा गुणच आहे. काळा दोरा घामाने कुजतो, तो वेळेवर बदलावा.

कुठे बांधायचा हे कवचांच्या फलश्रुतीत सांगितलेलं असतं: भूर्जपत्रावर लिहून, सोन्याच्या नळीत घालून कंठी किंवा दंडात, पुरुषांनी उजव्या आणि स्त्रियांनी डाव्या. रोज संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेतही ‘यः कण्ठे धारयेत्तस्य’ आहे. बहुतेक लोक त्याचा अर्थ मुखोद्गत करणं असा घेतात, काही जण ती लिहून गळ्यातही घालतात. काम संपलेला, दोरा तुटून पडलेला किंवा भिजलेला ताईत पाण्यात सोडण्याची रीत आहे. धातूची नळी नदीत टाकू नये. आतलं पत्र स्वच्छ जागी मातीत पुरणंही चालतं.

दर्शन आणि धारण एकत्र: इष्टलिंग

देव्हारा वेगळा आणि ताईत वेगळा या आपल्या रीतीला ठळक अपवाद आहे लिंगायतांचा. लिंगायत हा स्वतंत्र धर्म मानावा की नाही याचा वाद इथे बाजूला ठेवू. वस्तू म्हणून इष्टलिंग गाऊच्या सर्वांत जवळ येतं. बसवण्णांनी १२ व्या शतकात, आधी मंगळवेढ्यात आणि मग कर्नाटकातल्या कल्याणमध्ये (आजचं बसवकल्याण) राहून, ज्या चळवळीचं नेतृत्व केलं तिने देवळातल्या स्थावर लिंगाऐवजी प्रत्येकाच्या छातीवर लिंग दिलं.

आत हलक्या करड्या दगडाचं लिंग, त्यावर गोवऱ्यांची राख आणि तेलं यांच्या लेपाचं काळं, टणक आवरण. ते चांदीच्या अंडाकार डबीत, करडिग्यात, किंवा गोल गुंडगडगीत ठेवून शिवदोऱ्याने गळ्यात घालतात. पूजेच्या वेळी डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलपत्र वाहायचं आणि त्या काळ्या तुकतुकीत पृष्ठभागावर नजर स्थिर करायची. म्हणून आवरणाला महत्त्व. त्याला तडा गेला तर पाणी आत शिरून ते पापुद्र्यासारखं सुटतं. घरी चिकटवू नये, जंगमांकडे न्यावं.

फरक इथे आहेत. गाऊतली मूर्ती डबीतच राहते, इष्टलिंग हातावर येतं. गाऊ मुक्कामी उतरवून ठेवतात, इष्टलिंग उतरवायचं नसतं. सोयर-सुतक, विटाळ या कारणांनी तर नाहीच, कारण ही परंपरा सुतकं मानतच नाही. आणि गाऊ बहुधा वारसांकडे किंवा मठात जातो, तर लिंगायताला बसलेल्या स्थितीत समाधी देतात तेव्हा त्याचं लिंग त्याच्या हातावर असतं.

अंगावर न घालता खांद्या-डोक्यावर फिरवायचे देव्हारे निराळे. राजस्थानात चित्तोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार हलक्या लाकडाची, लाल रंगाची कावड करतात. भाट एकेक पाखं उघडत वंशावळ्या आणि कथा सांगतो, आणि शेवटच्या दारामागे राम-लक्ष्मण-सीता असतात. भूतानमधले मणिप नावाचे भटके गायक अनेक दारांचं ताशी गोमांग पाठीवर घेऊन खेड्यापाड्यांत जातात. आपल्याकडे यल्लमाच्या जोगतिणीच्या डोक्यावरचा ‘जग’, म्हणजे देवी बसवलेली टोपली, आणि कडकलक्ष्मीच्या डोक्यावरचा देव्हारा. हे सगळे देव लोकांच्या दारी जातात. गाऊ आणि करडिगे एकट्या माणसाचे.

घरी आणलेला गाऊ

कमरेच्या खाली लटकवू नये, जमिनीवर ठेवू नये, त्यावरून पाय टाकू नये. उतरवताना कपाळाला लावून उंच जागी ठेवावा. एवढं पाळलं की तिबेटी माणसाच्या नजरेत तुम्ही त्याचा मान राखला.

बांधलेल्या पुड्या कुतूहलाने सोडू नयेत. एकदा सुटल्या की पुन्हा तशा बसत नाहीत आणि प्रतिष्ठाही गेली असं मानतात. अभ्यासकांना आत काय आहे ते बघायचं असतं तेव्हा क्ष-किरणांनी बघता येतं. आतलं फुटलं-भिजलं असेल तर तिबेटी मठात न्यावं. तिथे जुनी द्रव्यं काढून नवी भरणी आणि रब्ने करून मिळते. हिमाचल किंवा कर्नाटकापर्यंत जायला जमत नसेल तर महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथे चौकशी करता येईल.

चांदी काळी पडली म्हणून चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर किंवा चांदीचं द्रावण वापरू नये. पाणी सांध्यातून आत जातं, पावडर नक्षीत पांढरी साचते आणि फिरोजा खराब होतो. तो सच्छिद्र असतो. साबण, तेल, अत्तर, घाम शोषून निळ्याचा हिरवा होतो. जुन्या कोंदणात खडे राळेवर किंवा लाखेवर बसवलेले असतात, गरम पाण्याने ते सुटतात. मऊ सुती फडकं, तेही कोरडं, बस. रबरबँड आणि लोकरीचं कापड जवळ ठेवू नये, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. जून ते सप्टेंबर सुती कापडात गुंडाळून, शोषक जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी सावलीत हवा द्यावी. खिडकीच्या काचेवर आतून वाफ दिसली तर ताबडतोब. उन्हात मात्र ठेवू नये, मातीच्या मूर्तीचे रंग उडतात.

फिरोजा खरा आहे का, हे मागच्या कोपऱ्यात ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस हलकेच टेकवून कळतं. कापूस निळा झाला तर तो रंगवलेला पांढरा दगड. ही चाचणी नव्या मालावरच करावी, जुन्यावर नको.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी कायदा महत्त्वाचा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गाऊची डबी नवी पण आतली पोथीची पानं जुनी, असंही असू शकतं. नेपाळमधूनही १०० वर्षांहून जुनी वस्तू बाहेर काढायला बंदी आहे. दुकानदार ‘दीडशे वर्षं जुना’ म्हणून विकत असेल आणि ते खरं असेल तर गाऊ विमानतळावर अडकेल, आणि खोटं असेल तर तुम्ही नव्या गाऊचे जुन्याच्या भावाने पैसे देताय. नवा पण जुनाट दिसणारा गाऊ नेताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच घ्यावा. दाखल्यासाठी वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, फोटो पाठवायला सांगतात तेही वेगळे, म्हणून उड्डाणाच्या आदल्या दिवशी या कामाला लागू नये. दाखला हातसामानात आणि गाऊही हातसामानातच ठेवावा, खाली लगेजमध्ये नाही. तपासणीच्या वेळी डबी उघडायला सांगितली तर पट्टा स्वतः काढून झाकण उघडून दाखवावं आणि आतल्या पुड्या बांधलेल्याच राहू द्याव्यात अशी विनंती करावी.